रवांडाचा रेडिओ आणि आपल्या हातातला मोबाईल

एप्रिल महिना लागला की आमच्या मोबाईलवर एक संदेश दरवर्षी न चुकता येऊन पडतो. डीएनए तपासणीत सिद्ध झाले आहे की ब्राह्मण परदेशी आहेत, आपण या देशाचे मूलनिवासी आहोत आणि आपली लढाई परक्यांशी आहे, असा त्याचा आशय. पाठवणारे आपलेच कार्यकर्ते असतात. वस्तीत वाचनालय चालवणारे, जयंतीची वर्गणी चोख हिशेबाने जमा करणारे, अत्याचाराची बातमी आली की पहिल्या गाडीने निघणारे. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला शंका नाही. म्हणूनच हा संदेश पुसून टाकून गप्प बसणे आम्हाला पटत नाही.

एप्रिल हा रवांडाचाही महिना आहे. ७ एप्रिल हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघ १९९४ च्या रवांडातील नरसंहाराच्या स्मृतीसाठी पाळतो. आपल्या चळवळीत जर्मनीतल्या नाझी प्रचाराबद्दल बरेच बोलले जाते, गोबेल्सचे नाव तर भाषणात हटकून येते. पण जर्मनी हा कारखान्यांचा, सुशिक्षितांचा, प्रगत देश होता. शेतीवर जगणाऱ्या, वसाहतीतून नुकत्याच सुटलेल्या, निरक्षरता मोठी असलेल्या देशात प्रचार कसा चालतो हे समजायचे असेल तर रवांडा बघावा लागेल. आम्ही आधी तो इतिहास सांगतो आणि मग त्या संदेशाकडे परत येतो.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच मांडून ठेवतो. प्रचार नुसत्या खोट्यावर चालत नाही. खऱ्या दुःखाला खोटा इतिहास जोडला की तो चालतो. आणि एकदा चालू लागला की शेवटी तो दुःखी माणसाच्या नव्हे, ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या कामी येतो.

एक भाषा, एक डोंगर, तीन ओळखपत्रे

रवांडा हा मध्य-पूर्व आफ्रिकेतला छोटा डोंगराळ देश. क्षेत्रफळ सुमारे २६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या निम्म्याहूनही कमी. तिथे हुतू, तुत्सी आणि त्वा असे तीन समाज. वसाहतकाळातल्या गणनेप्रमाणे हुतू सुमारे ८५ टक्के, तुत्सी सुमारे १४ टक्के आणि त्वा १ टक्का. तिघांची भाषा एकच, किन्यारवांडा. तिघे एकाच डोंगरउतारावर शेजारी शेजारी राहत. कुळांची नावेसुद्धा सामाईक होती.

याचा अर्थ वसाहतीआधी तिथे समता नांदत होती असा नाही. राजा तुत्सी असे, गुरेढोरे आणि सत्ता प्रामुख्याने तुत्सींकडे, आणि हुतू शेतकऱ्यांना सरदारांसाठी वेठबिगारी करावी लागे. पण हा भेद सत्तेचा आणि मालमत्तेचा होता, आणि काही प्रमाणात लवचीकही होता. त्याला वंशाचे रूप दिले ते युरोपीय लोकांनी.

जॉन हॅनिंग स्पीक या इंग्रज प्रवाशाने १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात एक कल्पना मांडली. आफ्रिकेत जिथे व्यवस्थित राज्यकारभार दिसतो, तिथे तो काळ्या माणसांनी उभारलेला असणे शक्य नाही. उत्तरेकडून, इथिओपियाच्या बाजूने आलेल्या, गोऱ्यांना जवळच्या अशा 'हामी' वंशाने तो आणला असणार. पुरावा काहीच नव्हता. होती ती फक्त काळा माणूस राज्य करूच शकत नाही ही खात्री. आधी जर्मन आणि पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियन रवांडात आले तेव्हा त्यांनी हीच कल्पना तिथे लावली. तुत्सी म्हणजे बाहेरून आलेले, राज्य करण्यास जन्मलेले. हुतू म्हणजे मूळचे, राबण्यास जन्मलेले. नाके मोजली गेली, डोकी मोजली गेली. १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या हातात ओळखपत्र आले आणि त्यावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असा शिक्का बसला. बापाचा शिक्का मुलाला. आता बदल नाही.

आपल्या वाचकांना यात काही ओळखीचे वाटेल. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनीही नाकाच्या मापावरून जातींची उतरंड समजावून सांगितली होती. साम्राज्य एकच शास्त्र दोन खंडांत चालवत होते.

बेल्जियन अधिकाऱ्यांनी हुतू प्रमुखांना काढून तुत्सी प्रमुख नेमले. शाळेच्या जागा, कारकुनी आणि अधिकारपदे तुत्सी सरदारांच्या मुलांना. सक्तीच्या मजुरीवर हुतूंना हाकण्याचे कामही तुत्सी प्रमुखांकडेच. दरबारी तुत्सींनी हे आनंदाने स्वीकारले. राज्य करण्यासाठीच आपला जन्म आहे असे शास्त्रच सांगते म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? पण दरबाराशी नाते असलेले तुत्सी मूठभर होते. डोंगरावरचा सामान्य तुत्सी त्याच्या हुतू शेजाऱ्याइतकाच गरीब होता.

दुःख खरे होते

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. हुतूंचे दुःख खोटे नव्हते. अपमान खरा होता, वेठबिगारी खरी होती, शाळेचे बंद दार खरे होते.

मार्च १९५७ मध्ये नऊ हुतू सुशिक्षितांनी एक जाहीरनामा काढला. तो 'बाहुतू जाहीरनामा' म्हणून ओळखला जातो. त्यात शिक्षणात वाटा मागितला होता, नोकऱ्यांत वाटा मागितला होता, वेठबिगारीचा निषेध केला होता. ओळखपत्रावरची जमातीची नोंद काढू नका, नाहीतर अन्याय मोजताच येणार नाही, असेही त्यात म्हटले होते. यातली बहुतेक कलमे आपल्यापैकी कोणीही मान्य करील. आपणही जातनिहाय जनगणना मागतो ती याच कारणासाठी. नोंद ठेवण्यात चूक नव्हती.

चूक दुसरीकडे होती. या सुशिक्षितांनी वसाहतवाल्यांची विषमता नाकारली, पण वसाहतवाल्यांनी लिहिलेला इतिहास जसाच्या तसा उचलला. तुत्सी हामी आहेत, बाहेरचे आहेत, हे त्यांनीही मानले. फक्त अर्थ उलटा केला. बेल्जियन म्हणत होते, बाहेरचे म्हणून श्रेष्ठ. हे म्हणू लागले, बाहेरचे म्हणून उपरे. आपल्यावर दोन वसाहती लादल्या आहेत, एक गोऱ्यांची आणि एक हामींची, अशी मांडणी झाली. व्यवस्थेविरुद्धची लढाई वंशाविरुद्धची झाली ती इथे.

जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत ग्रेग्वार कायिबांडा होते. ते 'किन्यामातेका' या कॅथलिक वृत्तपत्राचे संपादक राहिलेले. म्हणजे नव्या रवांडाचे राजकारण पहिल्यापासून छापखान्याशी जोडलेले होते. तुत्सी सरदार स्वातंत्र्य मागू लागताच बेल्जियमने बाजू बदलली आणि हुतू नेत्यांना हात दिला. नोव्हेंबर १९५९ मध्ये हिंसा उसळली. घरे जळली ती प्रामुख्याने सामान्य तुत्सींची. हजारो कुटुंबे युगांडा, बुरुंडीकडे पळाली. १ जुलै १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा कायिबांडा राष्ट्राध्यक्ष होते.

नव्या राज्याचा परवलीचा शब्द होता 'बहुसंख्य जनता'. हुतू ८५ टक्के, म्हणून हुतूंचे राज्य म्हणजेच लोकशाही. पण या बहुसंख्य जनतेला मिळाले काय? जमिनीचे तुकडे होत गेले. सत्ता एका भागातल्या पुढाऱ्यांच्या हाती गेली. १९७३ मध्ये जनरल जुवेनाल हाब्यारिमाना यांनी बंड करून ती घेतली, मग ती दुसऱ्या भागातल्या पुढाऱ्यांच्या, आणि अखेर राष्ट्राध्यक्षांच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या हाती. डोंगरावरचा हुतू गरीबच राहिला. ओळखपत्र मात्र तेच राहिले.

कॉफी पडली, वर्तमानपत्र निघाले

रवांडाची निर्यात मुख्यतः कॉफीवर. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार मोडला, भाव कोसळले. लाखो लहान शेतकऱ्यांचे उत्पन्न गेले. त्यातच कर्जदार संस्थांच्या अटी आल्या. लोक सरकारला प्रश्न विचारू लागले. १ ऑक्टोबर १९९० रोजी युगांडातून निर्वासित तुत्सींच्या सशस्त्र संघटनेने, रवांडा देशभक्त आघाडीने, सीमा ओलांडली. युद्ध सुरू झाले.

सत्तेवर बसलेल्यांना याहून सोयीचे काय असणार? भुकेचा प्रश्न विचारणाऱ्याला आता शत्रूकडे बोट दाखवता येत होते.

१९९० मध्येच 'कांगुरा' नावाचे नियतकालिक निघाले होते. संपादक हसन न्गेझे. डिसेंबर १९९० च्या अंकात त्याने हुतूंसाठी दहा आज्ञा छापल्या. तुत्सी बाईशी लग्न करणारा हुतू गद्दार. तुत्सीशी व्यापारात भागीदारी करणारा गद्दार. तुत्सींवर दया करणे बंद करा. कांगुराचा खप फार नव्हता आणि वाचता येणारेही कमी. पण अंक मोठ्याने वाचून दाखवला जाई, त्यातली व्यंगचित्रे हातोहात फिरत. एक वाचणारा आणि वीस ऐकणारे, ही रीत आपल्या वस्त्यांना नवी नाही.

मार्च १९९२ मध्ये सरकारी रेडिओ रवांडाने एक पत्रक वारंवार वाचून दाखवले. तुत्सींनी हुतू नेत्यांच्या हत्येचा कट रचला आहे, नैरोबीतल्या एका मानवी हक्क गटाने तो उघड केला आहे, असे त्यात होते. पत्रक बनावट होते. पण बुगेसेरा भागात शेकडो तुत्सी मारले गेले. त्या वेळी सरकारी माहिती खात्याचे प्रमुख होते फर्दिनां नाहिमाना. पॅरिसमधून डॉक्टरेट घेतलेले, रवांडाच्या राष्ट्रीय विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक.

बुगेसेरानंतर नाहिमानांना ते पद सोडावे लागले. पण १९९३ मध्ये ते एका नव्या, खाजगी रेडिओच्या संस्थापकांत दिसले. या रेडिओच्या नावात 'स्वतंत्र' असा शब्द होता आणि रवांडाच्या 'हजार डोंगरांचा' उल्लेख होता. भागधारकांत राष्ट्राध्यक्षांच्या गोटातली माणसे आणि बडे व्यापारी होते. जुलै १९९३ पासून प्रक्षेपण सुरू झाले.

हा रेडिओ तरुणांना आवडला, हे विसरू नये. सरकारी रेडिओ म्हणजे कंटाळवाणी भाषणे. हा मात्र झाईरची नाचरी गाणी वाजवी, निवेदक गप्पा मारीत, विनोद करीत, श्रोत्यांचे फोन घेत. दारूच्या गुत्त्यावर, रस्त्याच्या कडेला, पोरे रेडिओभोवती बसत. द्वेष भाषणातून येत नव्हता. तो दोन गाण्यांच्या मधल्या विनोदातून येत होता. तुत्सींना 'झुरळे' म्हणण्याची सवय आधी हसण्यातून लागली.

आणि खऱ्या घटनाही वापरल्या गेल्या. ऑक्टोबर १९९३ मध्ये शेजारच्या बुरुंडीत लोकांनी निवडून दिलेले हुतू राष्ट्राध्यक्ष मेल्शियोर न्दादाये यांची तुत्सी लष्करी अधिकाऱ्यांनी हत्या केली. बातमी शंभर टक्के खरी होती. रेडिओने ती पुन्हा पुन्हा सांगितली आणि त्यावर निष्कर्ष चिकटवला की तुमच्या शेजारचा तुत्सीही हेच करणार आहे. खरी बातमी, खोटा निष्कर्ष.

शंभर दिवस

६ एप्रिल १९९४ च्या रात्री हाब्यारिमानांचे विमान राजधानी किगालीवर पाडले गेले. काही तासांत रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. ओळखपत्र दाखवा. तुत्सी लिहिले असेल तर मृत्यू. साठ वर्षांपूर्वी साहेबाने मारलेला शिक्का आता कोयत्यासाठी वापरला गेला. रेडिओवरून माणसांची नावे, पत्ते, गाड्यांचे क्रमांक सांगितले जात. मारण्याला 'काम' म्हटले जाई. कामाला लागा. साधारण शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसे मारली गेली. त्यात तुत्सी बहुसंख्य, पण या कत्तलीला विरोध करणारे हुतूही होते. पंतप्रधान आगाथ उविलिंगियिमाना स्वतः हुतू होत्या. ७ एप्रिललाच त्यांना ठार मारण्यात आले. 'बहुसंख्य जनते'च्या नावाने चाललेल्या राज्याने पहिल्याच दिवशी आपल्या हुतू पंतप्रधानाला मारले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हा रेडिओ विमानातून यंत्रे लावून बंद पाडता येईल का, यावर अमेरिकेच्या संरक्षण खात्यात मे १९९४ मध्ये विचार झाला. ताशी सुमारे ८,५०० डॉलर खर्च येतो, कायदेशीर अडचणी आहेत, असे म्हणून तो सोडून देण्यात आला.

हे सगळे रेडिओमुळेच झाले का? अभ्यासक सावधपणे बोलतात. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांनी डोंगरांमुळे जिथे आवाज पोहोचत नव्हता ती गावे आणि जिथे पोहोचत होता ती गावे यांची तुलना केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजाप्रमाणे हिंसेतला सुमारे दहा टक्के सहभाग या रेडिओमुळे होता. स्कॉट स्ट्रॉस यांनी तुरुंगातल्या गुन्हेगारांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा बहुतेकांनी रेडिओपेक्षा गावपुढाऱ्याचा हुकूम, शेजाऱ्यांचा दबाव आणि युद्धाची भीती ही कारणे सांगितली. आम्हाला दोन्ही गोष्टी एकत्र महत्त्वाच्या वाटतात. रेडिओ एकटा माणसाला खुनी बनवत नाही. पण गावपुढारी हुकूम द्यायला येतो तेव्हा त्याला काही समजावून सांगावे लागत नाही. कोण परका हे आधीच सांगून झालेले असते.

अरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ३ डिसेंबर २००३ रोजी नाहिमाना, न्गेझे आणि जाँ-बॉस्को बारायाग्विझा या तिघांना दोषी ठरवले. २००७ मध्ये अपिलात काही आरोप गळले आणि शिक्षा कमी झाल्या, तरी तिघांनाही ३० वर्षे किंवा त्याहून जास्त कैद राहिली. एक संपादक, एक परराष्ट्र खात्यातला वकील आणि एक इतिहासाचा प्राध्यापक. तिघेही शिकलेले.

आपल्याकडे रेडिओ कोणाचा?

आता कोणी म्हणेल, हे आम्हाला कशाला सांगता? आपल्या देशात प्रसारमाध्यमे आमच्या हातात आहेत कुठे? प्रश्न बरोबर आहे.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. 'बहिष्कृत भारत'चे स्तंभच्या स्तंभ बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागले. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात तर त्यांनी परदेशी वाचकांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले, कारण इथल्या वृत्तपत्रांच्या प्रचारामुळे जगाला काँग्रेस म्हणजेच भारत वाटत होता आणि अस्पृश्यांचा प्रश्न ऐकूच जात नव्हता. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी इथल्या पत्रकारितेला साबण बनवण्याच्या धंद्याच्या पंगतीला बसवले होते.

पुढेही फार बदल झाला नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पहिले काही आठवडे मोठ्या माध्यमांना ती बातमी वाटली नाही. वाटली तेव्हा अनैतिक संबंधांची कुजबुज छापली गेली. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्यामागे नक्षलवादी असल्याची चर्चा सुरू झाली. आधी गप्प बसायचे, मग मेलेल्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवायचे, मग रडणाऱ्याला देशाचा शत्रू ठरवायचे. हा क्रम आपल्याला पाठ आहे.

तेव्हा इथला प्रचाराचा कारखाना आपल्या हातात नाही, हे आम्हालाही मान्य आहे. म्हणूनच आम्ही पुढचे म्हणतो आहोत.

बाबासाहेबांनी ते हत्यार का टाकून दिले?

आर्य बाहेरून आले, त्यांनी मूळच्या लोकांना गुलाम केले, हा सिद्धांत युरोपीय पंडितांचा. आपल्याकडच्या उच्चवर्णीयांनी तो अभिमानाने मिरवला, आपण गोऱ्यांचे भाऊबंद आहोत म्हणून. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त तोच सिद्धांत त्यांच्यावर उलटवला. त्या काळात हाती असलेल्या ज्ञानातून त्यांनी शूद्रातिशूद्रांना पहिल्यांदा स्वतःचा इतिहास दिला. पण ते तिथे थांबले नाहीत. ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले आणि आपला वारस केले. रक्तावर विश्वास ठेवणारा माणूस असे करीत नाही.

बाबासाहेबांच्या हाती त्यापुढचे संशोधन होते. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात त्यांनी वेद तपासून आर्य वंशाचा आणि आर्य आक्रमणाचा सिद्धांत नाकारला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाच्या मापांचेच आकडे घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही. ज्या मापांनी साहेबाने उतरंड रचली, त्याच मापांनी त्यांनी ती पाडली. १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्येही जात म्हणजे वंश ही कल्पना त्यांनी खोडून काढली होती.

विचार करा, हे हत्यार त्यांना किती सोयीचे होते. परके म्हटले की टाळ्या मिळतात. तरीही नाकारले. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या वेळी जेधे-जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण ब्राह्मणांना दूर ठेवा अशी अट घातली. बाबासाहेबांनी अट मानली नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले आणि ब्राह्मणशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार, ती सर्व वर्गांत शिरलेली आहे, हेही बजावले.

राहिला डीएनए. २००१ साली आंध्रातल्या काही जातींच्या नमुन्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वडिलांकडच्या वारशात वरच्या जाती युरोपीय लोकांना जास्त जवळ दिसल्या. आईकडच्या वारशात मात्र सर्वच जाती आशियाई लोकांना जवळ होत्या. संदेशात पहिले वाक्य राहते, दुसरे गळते. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशात सर्वत्र मोठी सरमिसळ झाली आणि नंतर लोकांनी आपापल्या गटातच लग्ने करणे सुरू केले. बाहेरून माणसे आली, त्यांच्या वारशाचे प्रमाण कुठे कमी कुठे जास्त, पण शुद्ध कोणीच उरला नाही. आणि जात कशाने बनली? दार लावून घेऊन आपसात लग्ने केल्याने. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या भीमरावांनी वाचलेल्या निबंधाचा गाभा हाच होता. विज्ञान बाबासाहेबांच्या बाजूने साक्ष देत असताना आपण स्पीक आणि रिस्लेची साक्ष का काढायची?

हत्यार कोणाच्या हाती चालते?

हा प्रश्न फक्त सत्य-असत्याचा नाही, आपल्या जिवाचाही आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अनुसूचित जाती देशात १६.६ टक्के आहेत. 'परका' हा शब्द राजकारणात फिरू लागला की तो कोणावर पडायचा हे ठरवण्याइतकी संख्या, पोलीस आणि वाहिन्या आपल्याकडे नाहीत. आज तो मुसलमानांवर पडतो. कोरेगाव भीमानंतर तो आपल्या बाजूने बोलणाऱ्यांवर 'शहरी नक्षल' या नावाने पडला. आपण जेव्हा जन्मावरून परका ठरवण्याची रीत बरोबर मानतो, तेव्हा ब्राह्मणाचे काहीही बिघडत नाही. पण ती रीत बरोबर ठरते. मग ती उद्या कोणासाठी वापरली जाईल?

बाबासाहेबांनी ६ मे १९४५ रोजी मुंबईत अनुसूचित जाती फेडरेशनच्या अधिवेशनात एक भेद सांगितला होता. राजकीय बहुमत मतांनी बनते आणि मतांनी बदलते. जमातीचे बहुमत जन्माने ठरते, ते कधी बदलत नाही, आणि त्याला लोकशाही म्हणता येत नाही. रवांडाची 'बहुसंख्य जनता' म्हणजे हेच जन्मजात बहुमत. बाहुतू जाहीरनाम्यापासून कत्तलीपर्यंत सदतीस वर्षे लागली. जाहीरनामा लिहिणाऱ्यांनी कोयत्याची कल्पनाही केली नसेल. त्यांनी फक्त एका खोट्या इतिहासाला हो म्हटले होते.

काही मित्र म्हणतील, मार आम्ही खातो आणि उपदेशही आम्हालाच? मित्रांनो, अत्याचार करणाऱ्याला सूट द्या असे आम्ही म्हणत नाही. जातीचे नाव घेऊ नका असेही म्हणत नाही. न्यायाधीशांच्या खुर्च्यांवर, संपादकांच्या टेबलांवर, कुलगुरूंच्या दालनांत कोणत्या जाती बसल्या आहेत हे आकड्यांनिशी विचारलेच पाहिजे. तो प्रश्न सत्तेचा आहे आणि त्याला पुरावा आहे. पुरावा असलेला प्रश्न सोडून पुरावा नसलेली गोष्ट पुढे पाठवली की समोरच्याला आपला खरा प्रश्नही टाळण्याची सोय होते.

म्हणून आमची विनंती साधी आहे. संदेश आला की तीन गोष्टी बघा. यात सांगितलेले दुःख खरे आहे का? त्याला जोडलेला इतिहास तपासलेला आहे का? आणि राग व्यवस्थेवर न्यायचा आहे की जन्मावर? पहिले खरे असले म्हणून उरलेली दोन खरी होत नाहीत. यंदाच्या जयंतीला ज्यांना हा संदेश येईल त्यांनी तो पुढे पाठवण्याऐवजी वस्तीतल्या वाचनालयात 'शूद्र पूर्वी कोण होते?' घेऊन बसावे. चार पोरे जमली तरी पुरे. मूकनायकाची सुरुवातही मोठ्या गर्दीत झाली नव्हती.

जय भीम!